देण्याघेण्याची की नेसायची?

(दुसरबीड, ता. सिंदखेडराजा, जि. बुलढाणा येथे परिसरातील महिला बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यासाठी आरोग्य, पाणी, कर्जफेड, दारूबंदी असे विषय ठरले होते. त्यात मी 'कपडे' हा विषय मागून घेतला. एका कार्यकर्तीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, इतके गंभीर प्रश्न पडलेले असताना साड्यांवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. त्याचंच उत्तर द्यायला मी उभी आहे.

आधी सांगून टाकते, मला कपड्यांचं वेड आहे. लहानपणापासून. टीव्हीवर रॅम्पवरून चालणाऱ्या मुली दिसल्या की मी पलंगावरची चादर गुंडाळून ओसरीत चालून दाखवायची. आजी म्हणायची, "नटवी झाली का वं पोरी?" आपल्याकडे 'नटवी' ही जवळजवळ शिवीच आहे. पुढे एम.एस.डब्ल्यू. करायला मुंबईला गेले, चळवळीतल्या बायकांच्या संगतीत आले. तिथे शिवी नव्हती, पण एक नजर होती. ठसठशीत कानातलं घातलं, काठापदराची साडी नेसली की कुणीतरी म्हणायचं, "आज काय विशेष?" नटणं म्हणजे पुरुषाच्या डोळ्यांसाठी सजणं, असा एक हिशेब होता. म्हणजे आजी संस्कृतीच्या नावानं सांगत होती आणि मैत्रिणी मुक्तीच्या नावानं. दोघींचं सांगणं एकच, नटू नको!

मैत्रिणींच्या म्हणण्यात तथ्य होतं, ते मी नाकारत नाही. १९९६ साली बंगलोरला जगतसुंदरी स्पर्धा झाली तेव्हा देशभर विरोध झाला. संस्कृतिरक्षक म्हणाले, बाईनं अंग दाखवू नये. स्त्री संघटना म्हणाल्या, बाईच्या शरीराचा बाजार मांडू नका. स्पर्धेतला पोहण्याच्या पोशाखाचा भाग शेवटी सेशेल्स बेटांवर हलवावा लागला. वर्तमानपत्रांत दोन्ही विरोध एकाच रांगेत छापले गेले, पण त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्याला बाईनं काय घालावं हे आपण ठरवायचं आहे. दुसऱ्याला ते बाजारानं ठरवू नये असं वाटतं. मला आज तिसरा प्रश्न विचारायचा आहे. मग ठरवायचं कुणी?

चला, कापडाच्या दुकानात जाऊ. तुम्ही सगळ्या गेलेल्या आहात. लग्नसराईत घरातली चार माणसं मिळून जालन्याला किंवा मेहकरला जातात. गादीवर बसतात. दुकानदार पुरुषाकडे बघून विचारतो, "दादा, किती रेंजमधी दाखवू?" आणि मग दुसरा प्रश्न, "देण्याघेण्याच्या की नेसायच्या?"

या दुसऱ्या प्रश्नावर कधी विचार केला आहे का? देण्याघेण्याची साडी म्हणजे जी कुणी आवडीनं घेत नाही, कुणी आवडीनं नेसत नाही. आत्याला द्यायची, आत्या ती विहीणबाईंना देते, विहीणबाई घडी न मोडता पुढे ढकलतात. तुमच्या-माझ्या पेटीत अशा दहा-पंधरा साड्या निघतील. माहेरचा आहेर, सासरचा आहेर, ओटी, मानपान. आयुष्यभर बाईच्या अंगावर कापड पडत राहतं आणि 'तुला कोणता रंग आवडतो?' हे तिला कुणी विचारत नाही. साड्यांनी पेटी भरलेली, पण त्यातली स्वतः निवडलेली एक नाही, हे दारिद्र्य कोणत्या पाहणीत मोजायचं?

२०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १५०० रुपये बायकांच्या खात्यावर जमा होऊ लागले. त्याच्या आधी, २०२३ च्या मार्चपासून, एसटीला आपलं अर्धं तिकीट झालं. तेव्हा चार-पाच जणींना घेऊन मी जालन्याला गेले. सोबत एकही पुरुष नव्हता. त्यांतल्या एकीनं पन्नाशीत पहिल्यांदा स्वतःच्या पैशांची साडी घेतली. दुकानात दोन तास गेले. चाळीस साड्या उलगडून झाल्या. तिला आवडत नव्हतं असं नाही, आवडलं असं म्हणता येत नव्हतं. प्रत्येक साडीला ती म्हणायची, "ह्यांना आवडंन का?" शेवटी जांभळी घेतली. परत येताना गाडीत पिशवी मांडीवर धरून बसली होती. गावात लगेच बोलणं सुरू झालं, "सरकारचे पैसे भेटले की बाया साड्या घेतात." मी विचारते, पुरुषाच्या पानपट्टीचा हिशेब गावात कधी कुणी मांडला? बाई घरखर्च भागवून एक साडी घेते तर ती उधळपट्टी!

आता मुंबईची गोष्ट. शिकत असताना एका ओळखीच्या मुलीनं मला एका मोठ्या फॅशन शोच्या मागच्या बाजूला मदतनीस म्हणून नेलं. मी तर हरखूनच गेले. तिथे प्रत्येक मॉडेलच्या नावाचा एक दांडा असतो, त्यावर तिचे कपडे क्रमानं टांगलेले, खाली चपला, वर तिचा फोटो. एक फेरी झाली की ती धावत येते आणि मिनिटभरात कपडे बदलायचे. मी टाचण्या लावत होते, नाड्या बांधत होते. महिनोन् महिन्यांची तयारी, आणि शो पंधरा-वीस मिनिटांत संपला. मुली फार बारीक होत्या, फार दमलेल्या होत्या, आणि बहुतेक गोऱ्याच होत्या. ते मला खुपलं. पण एक गोष्ट मनात रुतून बसली. शेवटी जी आली, ती नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत होती. कपाळावर काही नाही, हातात काही नाही. सगळं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं.

मला माझ्या गावातल्या बाया आठवल्या. नवरा गेल्यापासून कपाळ मोकळं, हात मोकळे, अंगावर फिका रंग. त्यांच्यासाठी कोण उभं राहतं? सकाळी समोर आल्या तर लोक तोंड फिरवतात. तेच मोकळं कपाळ, तेच मोकळे हात. एकीनं ते निवडलं होतं, दुसरीवर ते लादलं होतं. फरक कापडात नाही, हुकुमात आहे.

आणि रंगाला स्वतःचा काही धर्म असतो का, तेही पाहू. याच महाराष्ट्रात ब्राह्मण घरांत विधवेचं केशवपन करून तिला आलवण नेसवत. आलवण कोणत्या रंगाचं? तांबडं! ज्या लाल रंगाला आज आपण सवाष्णीचा म्हणतो, तोच विधवेची खूण होता. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीनं १८४० मध्ये लग्नात पांढरा पोशाख केला आणि पुढे पांढरा हा ख्रिस्ती नवरीचा रंग झाला. म्हणजे रंग बिचारे निर्दोष आहेत. त्यांना पहाऱ्यावर माणसांनी बसवलं.

हे ओळखणारी बाई आपल्याच जिल्ह्यातली होती, हे आपल्या मुलींना कुणी सांगत नाही. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येच्या आरोपाखाली शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांवर चिखलफेक सुरू झाली. तेव्हा ताराबाईंनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं. स्वतः परदेशी पेहराव चढवायचा आणि धर्म मात्र बाईनं सांभाळायचा, या पुरुषी न्यायाचा त्यांनी खरपूस समाचार घेतला. आज काय वेगळं आहे? लग्नात नवरदेव सूट घालतो, त्यानं संस्कृती बुडत नाही. सुनेनं पंजाबी ड्रेस घातला की बैठक बसते.

आणखी एक प्रसंग प्रत्येक गटात सांगितला पाहिजे. डिसेंबर १९२७, महाड. सत्याग्रह परिषदेला आलेल्या दलित स्त्रियांशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. मुलींना शिकवा हे तर सांगितलंच, पण लुगडं कसं नेसता, अंगावर दागिने कोणते घालता यावरही बोलले. गुडघ्यापर्यंतचं लुगडं आणि हातभर कथलाचे, चांदीचे दागिने ही जातीची ओळख होऊन बसली होती. बाई रस्त्यानं चालली तरी लांबूनच तिची जात कळावी, अशी ती व्यवस्था. त्यांनी सांगितलं, ही ओळख टाका, लुगडं घोट्यापर्यंत नेसा. आणि बायकांनी नेसण बदललं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात या चळवळीतल्या स्त्रियांच्या हकिकती गोळा केल्या आहेत, त्या जरूर वाचा. नेसण बदलणं हा तिथे सत्याग्रहाचाच भाग होता. साडीवर काय बोलायचं, असं कुणी म्हटलं तर त्यांना महाड सांगा.

आता आपल्या इथलं. मागच्या वर्षी आमच्या गटांनी ठरवलं, आपणही रॅम्पवर चालू. समाजमंदिरात दोन सतरंज्या लांब अंथरल्या, झाला रॅम्प. अट एवढीच की आपलं आवडतं कापड नेसून यायचं, चालायचं आणि ते कुणी निवडलं, पैसे कुणाचे, हे सांगायचं. हसून हसून पोट दुखलं. पण स्वतः निवडलेली साडी नेसून आलेल्या बोटावर मोजण्याइतक्याच निघाल्या.

एक जण शेतातल्या कपड्यांत आली. साडी, वर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला रुमाल. म्हणाली, "हाच माह्या खरा ड्रेस हाये. कापूस मी येचते, पन अंगावर पाहा, सूत हाये का?" आम्ही पाहिलं. सुरतेची पॉलिएस्टरची साडी. कापसाच्या मुलखात, किलोच्या भावानं कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगावर कापूस नाही! हीच कथा कापड शिवणाऱ्या हातांची. २०१३ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळली. अकराशेहून जास्त कामगार मेले, त्यांत बायकाच जास्त. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशी दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं होतं. मोठमोठ्या परदेशी दुकानांचे कपडे तिथे शिवले जात. आवड असावी, पण त्या आवडीमागे कुणाचे हात आहेत हेही विचारावं.

आणि एक जण मागे बसून होती. नाव सांगत नाही. वय तिशीच्या आसपास, नवरा जाऊन चार वर्षं झालेली. पेटीत एक हिरवी साडी होती, नवरा असताना स्वतःच्या शिलाईच्या पैशांतून घेतलेली. ती पिशवीत घालून आणली होती, पण नेसत नव्हती. "मायबाई, लोक काय म्हनतीन?" सासू तिथेच होती. सासूनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, नुसती खाली बघत राहिली. शेवटी ती आत जाऊन साडी नेसून आली. बांगड्या नाहीत, टिकली नाही. अर्ध्या सतरंजीपर्यंत चालली आणि खाली बसली. रडली नाही. म्हणाली, "पैसे माहे होते, पसंती माही होती."

पुढचंही सांगितलं पाहिजे. आठवडाभर गावात चर्चा झाली. एका नातेवाइकानं बारशाचं बोलावणं दिलं नाही. संक्रांतीला गटानं हळदीकुंकू ठेवलं आणि पहिलं वाण तिला दिलं, तेव्हा दोन जणी उठून गेल्या. त्या अजून गटात परत आलेल्या नाहीत. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनाही भीतीच घातलेली आहे, नवऱ्याच्या आयुष्याची. त्यांच्या घरी जायचं आम्ही थांबवलेलं नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करण्याचं परिपत्रक काढलं. कागद आहे. पण तिरडी उचलताना बाईच्या भोवती कागद उभा राहत नाही, बायकाच असतात. बांगड्या फोडणारे हात आपलेच असतात. ते आवरणंही आपल्याच हातात आहे.

तेव्हा आज इथून जाताना तीन गोष्टी घेऊन जाऊ. एक, आपल्या ग्रामसभेत हा ठराव झाला आहे का ते विचारायचं. झाला नसेल तर मांडायचा, झाला असेल तर पाळला जातो का ते बघायचं. दोन, गटाच्या कोणत्याही हळदीकुंकवात, ओटीत सवाष्ण-विधवा असा भेद करायचा नाही. तीन, कुणालाही साडी देताना तिला विचारायचं, "बाई, तुला कोणता रंग आवडतो?" नाहीतर सरळ पैसे हातात द्यायचे आणि तिलाच दुकानात पाठवायचं. ती दोन तास लावेल. लावू द्या.