मुळांनाही श्वास लागतो
(हीरक महोत्सवी सोहळ्यातील भाषण)



दिवंगत शिक्षकांच्या स्मरणार्थ शाळेच्या आवारात वृक्ष लावण्याचा संकल्प आपण केला आहे. गुरूंच्या नावाने लावलेले रोप दुसऱ्याच वर्षी वाळावे, याहून खेदाची गोष्ट कोणती? म्हणून आपल्याला कोणते झाड आवडते, यापेक्षा या जमिनीला कोणते झाड मानवेल, हा प्रश्न आधी विचारावा.

जबलपूर ही तलावांची नगरी. राणीताल, चेरीताल, आधारताल ही नावे परंपरेने राणी दुर्गावतीच्या काळाशी जोडली जातात. काही तलाव बुजले, तेथे वस्त्या झाल्या; सखल भाग मात्र सखलच राहिला. आपल्या मैदानाचा उताराकडील कोपरा तसाच आहे. तेथे वरती वाळू आहे, तरीही श्रावणात पाणी साचते. वाळूत पाणी ठरत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. खाली चिकण माती किंवा कातळ असला, की झिरपलेले पाणी तेथे अडते आणि हळूहळू वर चढते. वाळूच्या कणांमधील हवेची जागा पाणी घेते; मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि ती कुजतात. उलट वैशाखात हीच वाळू कोरडी ठणठणीत होते. येथे टिकणाऱ्या झाडाला दोन्ही टोके सोसता आली पाहिजेत.

अशी झाडे शोधायला दूर जायला नको. नदी-ओढ्यांचे काठ पाहावेत. महाराष्ट्रात ज्याला अर्जुनसादडा म्हणतात, तोच आपल्याकडचा कहुआ. त्याच्या जोडीला जांभूळ आणि करंज घ्यावेत. लाल फुलांचे लोंबते तुरे मिरवणारे समुद्रफळ लहान जागेला शोभते. झुडपांत निर्गुडी आणि शेवरी उत्तम. कडुनिंब आणि साग मात्र उंच, निचऱ्याच्या जागी लावावेत. पपई तर दोन-तीन दिवस साचलेल्या पाण्यानेही दगावते.

भर पावसाळ्यात दोन फूट खोल खड्डा खणून पाहावा. दुसऱ्या दिवशीही त्यात पाणी दिसले, तर रोप खड्ड्यात न लावता फूट-दीड फूट उंचीच्या रुंद वरंब्यावर लावावे. पालापाचोळा जाळू नये. तो बुंध्यापासून थोडा दूर पसरावा. त्याने वाळूत ओल आणि कस दोन्ही टिकतात. अर्जुन व जांभूळ मोठे होतात, म्हणून ते भिंतींपासून पंचवीस-तीस फूट दूर असावेत. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी घालणे अनिवार्य आहे, आणि शाळेला सुट्टीही नेमकी तेव्हाच असते! ती जबाबदारी जवळ राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आजच वाटून घ्यावी.

शंभर रोपांचा आग्रह नको. दहाच लावू, पण दहाही जगवू. आपल्या गुरुजनांनीही पटावरची संख्या पाहून नव्हे, तर एकेक मूल ओळखून आपल्याला वाढवले होते.