बारभाईंचा कारभार आणि एक कारभारी



आम्ही कळंबचे लोक मुंबईस जावयाचें तर नालासोपाऱ्यास गाडी धरतों. पुढच्याच वसई रोड स्थानकावर दिव्याकडील फांटा मुख्य मार्गास मिळतो. गाडीनें कोणत्या रुळावर जावें हें तेथें सांधा ठरवितो. पूर्वीं सांध्यापाशीं सांधेवाला उभा असे. मग केबिनींत दांडे आले, आणि एकच मनुष्य दूरचे सांधे तारांनीं व सळ्यांनीं फिरवूं लागला. आज ज्या वस्तूविषयीं बोलावयाचें आहे तीही एक सांधाच आहे. तिच्यांतून गाड्या जात नाहींत, संगणकांचे निरोप जातात.

तिला स्विच म्हणतात. निरोपावरील पत्ता वाचून स्विच तो नेमक्या त्याच तारेंत सोडतो. येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ईथरनेटच्या जाळ्याकरितां असा स्विच १९९० सालीं बाजारांत आणणाऱ्या अमेरिकन कंपनीचें नांव ‘कल्पना’ होतें, आणि तिच्या संस्थापकांत विनोद भारद्वाज हे होते. १९९४ सालीं सिस्को कंपनीनें ती विकत घेतली.

एक स्विच सांभाळणें सोपें. पुष्कळ झाले कीं बारभाईंचा कारभार सुरू होतो. वसई तालुक्यांतील एका शाळेंत सहा स्विच होते, प्रत्येकाचा पत्ता निराळा, परवलीचा शब्द निराळा. दहावीचे अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशीं कोणीं तरी एकाच तारेचीं दोन्ही टोंकें एकाच स्विचमध्यें खुपसलीं. निरोप गोल गोल फिरूं लागले, वाढत गेले, आणि सारी शाळा ठप्प झाली. अशी गरगर रोखण्याची युक्ति रेडिया पर्लमन या बाईंनीं १९८५ सालींच काढली आहे; परंतु ती एका स्विचमध्यें कोणीं बंद करून ठेविली होती. कोणत्या, हें कळेना. दोन स्विचांचा परवलीचा शब्द कोणासच ठाऊक नव्हता. मी व शिपाई खोल्याखोल्यांतून एकेक तार उपटीत हिंडलों. अपराधी तार प्रयोगशाळेंत सांपडली तेव्हां रात्रीचे साडेनऊ झाले होते. अर्ज मात्र वेळेंत गेले.

यावर उपाय असा कीं, एका स्विचास नायक नेमावयाचें. बाहेरून पत्ता तेवढा त्याचाच. त्याच्याकडे गेलें कीं उरलेल्यांवर हुकूम चालतो. सिस्कोच्या अशा एका योजनेंत नायकासह सोळा स्विच राहतात. कोणत्या खोलींतील कोणतें भोंक चालू आहे, कोणत्या स्विचमध्यें कोणती सोय बंद आहे, हें एका पडद्यावर दिसतें. निरनिराळ्या कारखान्यांच्या यंत्रांनाही एका जागेवरून विचारपूस करतां यावी, म्हणून १९८८ सालापासून एक सामायिक बोलीही ठरलेली आहे.

पुष्कळांस वाटतें कीं नायक बंद पडला तर सारेंच बुडालें. तसें नव्हे. सारे निरोप कांहीं नायकांतूनच जात नाहींत. ज्या तारा त्याला स्वतःला जोडलेल्या, त्या गेल्या. बाकीचे स्विच शिकवलेलें काम करीतच राहतात, फक्त त्यांस नवा हुकूम देतां येत नाहीं. म्हणून उपनायकही नेमून ठेवितात.

मला भीति निराळीच वाटते. रेल्वेच्या केबिनींत दांडे एकमेकांशीं असे गुंतविलेले असतात कीं परस्परविरोधी मार्ग मोकळे करूं म्हटलें तरी होत नाहींत. येथें तसा अडसर नाहीं. चुकीचा हुकूम सर्व स्विच सारख्याच आज्ञाधारकपणें पाळतात, आणि ज्या वाटेनें आपण आंत शिरलों तीही त्याच हुकुमानें तुटूं शकते. यास्तव बदल आधीं एकावर करून पाहावा. आतां एकाच परवलीच्या शब्दांत सहा खोल्यांची किल्ली आली आहे; तो एकट्या माणसाच्या डोक्यांत ठेवणें हा तर शुद्ध वेडेपणा.

त्या शाळेंत पुढें अशी व्यवस्था झाली. शब्द लिहिलेला लाखबंद लखोटा मुख्याध्यापकांच्या कपाटांत ठेविला. नंतरच्या एका पावसाळ्यांत विजेच्या झटक्यानें नायक स्विच गेला. कचेरी, जी त्यालाच जोडलेली होती, तेवढी अडली. वर्गांतील काम चालू राहिलें. लखोटा फोडला, उपनायकाकडे कारभार आला, आणि कारकुनानें कचेरीची तार शेजारच्या स्विचमध्यें घातली.