माउझर, लाल नऊ आणि एच-वन-बी

कानात इअरफोन घालून लोकलमध्ये लटकलेले, ऑफिसातून गाडी चालवत घरी निघालेले आणि रात्री भांडी घासता घासता ऐकणारे, सगळ्यांचं स्वागत. नेहमीप्रमाणे हा भाग लिहून खाली देतोय. बोलताना जे 'हां', 'म्हणजे', 'बघा' येतात त्यातले थोडे काढलेत, सगळे नाही.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजमधून आलाय. पाठवणारा आपलाच श्रोता, पुण्याचा, सध्या अमेरिकेत ओहायोमध्ये एच-वन-बी व्हिसावर. शेजारी एक आजी राहतात, घर विकून मुलीकडे चालल्यात. हा त्यांना खोकी उचलायला मदत करत होता. माळ्यावर लाकडाची एक लांबट पेटी निघाली, आत पिस्तूल. आजींचे वडील दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून घेऊन आले होते. आजी म्हणाल्या, "तूच ठेव बाळा, माझ्या मुलीला नकोय." आता हा विचारतो, "दादा, हे काय आहे, किती किमतीचं आहे आणि मी ठेवू शकतो का?"

तिन्ही प्रश्न चांगले आहेत. फक्त क्रम उलटा हवा होता. असो, त्याच्याच क्रमाने जाऊ.

फोटो बघितल्याबरोबर ओळख पटली, आणि तुम्हालाही पटली असती. स्टार वॉर्समधला हान सोलो कमरेला जे ब्लास्टर लावतो ना, त्याचा सांगाडा म्हणजे हेच पिस्तूल. माउझर सी-९६. जर्मनीत नेकार नदीकाठी ओबेर्नडोर्फ नावाचं गाव आहे, तिथल्या माउझर कारखान्यात फेडर्ले आडनावाच्या तीन भावांनी १८९५च्या सुमारास याची रचना केली. पेटंट अर्थातच मालकाच्या, पाउल माउझरच्या नावावर! १८९६ ते १९३७ पर्यंत साधारण दहा लाख पिस्तुलं बनली. मॅगझिन मुठीत नाही, चापाच्या पुढे. मूठ गोल आणि बारीक, झाडूच्या दांड्यासारखी, म्हणून अमेरिकेत याचं टोपणनावच 'ब्रूमहँडल'.

आणि ती लाकडी पेटी? ती नुसती पेटी नाही. अक्रोडाच्या लाकडाची, आतून पोकळ, झाकणाला बिजागरी. पिस्तूल आत ठेवलं की कमरेला लटकवायचं म्यान. पिस्तूल बाहेर काढून मुठीच्या मागच्या खाचेत पेटीचं लोखंडी टोक सरकवलं की तोच खांद्याला टेकवायचा दस्ता. पिस्तुलाची छोटी बंदूक तयार. बऱ्याच नगांच्या मागच्या साइटवर १००० मीटरपर्यंत आकडे कोरलेत. हजार मीटरवर पिस्तुलानं काय लागणार होतं हे त्या साइट बनवणाऱ्यालाच ठाऊक, पण जाहिरातीत छान दिसत असेल.

इथे जरा आपल्याकडे वळतो, कारण या दस्त्याचं आपल्याशी नातं आहे. २६ ऑगस्ट १९१४ला कोलकात्यात रॉडा कंपनीच्या मालातून बंगालच्या क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं लांबवली. पुढे इंग्रज सरकारच्या रौलट समितीच्या अहवालात याची नोंद आली. त्यात दोन गोष्टी मुद्दाम लिहिल्यात. एक, पिस्तुलाची पेटीच मुठीला जोडून ते रायफलसारखं खांद्यावरून चालवता येतं. दुसरी, प्रत्येक पिस्तुलावर नंबर होता आणि तो कंपनीच्या वहीत होता. म्हणजे पुढे कुठेही माउझर सापडलं की पोलीस नंबर जुळवून बघू शकत होते. नंबरचं महत्त्व तेव्हाही होतं, आजच्या सौद्यातही आहे.

दुसरी गोष्ट मुंबईची. १८९६मध्ये तरुण विन्स्टन चर्चिल मुंबईला ससून डॉकवर उतरताना भिंतीतली कडी धरायला गेला, होडी खाली गेली आणि खांदा निखळला. तो खांदा त्याला पुढे त्रासच देत राहिला. म्हणून १८९८मध्ये सुदानला ओमदुरमानच्या लढाईत घोड्यावरून तलवार चालवण्याऐवजी त्यानं माउझर पिस्तूल वापरलं. ससून डॉकवर मासळी घ्यायला गेलात तर आठवा.

हां, तर ओळख. 'माउझर आहे' एवढ्यावर काही ठरत नाही. कोणतं माउझर, हे ठरायला हवं. सगळ्यात आधी, पिस्तूल हातात घेण्याआधी, ते रिकामं आहे का हे माहितगार माणसाकडून तपासून घ्या. शंभर वर्षांच्या वस्तूत शंभर वर्षांचं काडतूस असू शकतं. मग हॅमर बघा. सुरुवातीच्या नगांवर तो शंकूसारखा, नंतर मोठ्या कडीचा, त्यानंतर छोट्या कडीचा. काही हॅमरवर 'एन एस' अशी अक्षरं एकमेकांत गुंफलेली असतात. ती बघून लोक लगेच नाझी पार्टीपर्यंत पोचतात. त्याचा अर्थ एवढाच, की यात नव्या प्रकारची सेफ्टी आहे. जर्मनमध्ये 'नॉये झिशेरुंग'.

आजींच्या पिस्तुलाच्या मुठीवर मोठा ९ कोरलेला, आत लाल रंग. हे मात्र ठळक लक्षण. मूळ सी-९६ला ७.६३ मिलिमीटरचं काडतूस लागतं. पहिल्या महायुद्धात १९१६मध्ये प्रशियाच्या सैन्याला पिस्तुलं कमी पडायला लागली, त्यांनी माउझरला दीड लाख नगांची ऑर्डर दिली, पण सैन्याच्या ९ मिलिमीटरच्या काडतुसासाठी. दोन्ही पिस्तुलं दिसायला सारखी. खंदकात अंधारात चुकीचं काडतूस भरलं जाऊ नये म्हणून मुठीवर तो लाल नऊ. यालाच संग्राहक 'रेड नाइन' म्हणतात.

आता गंमत अशी, की लाकडावर ९ कोरायला पटाशी आणि एक दुपार पुरते. म्हणून नुसत्या नऊवर जाऊ नका. खऱ्या रेड नाइनची साइट ५०० मीटरपर्यंतच असते, १००० नाही. मॅगझिनच्या पुढच्या बाजूला प्रशियाच्या गरुडाचा शिक्का असतो. आणि नळी खरोखर ९ मिलिमीटरची हवी. तिन्ही जुळलं तर पुढे बोलू. आजींच्या पिस्तुलात तिन्ही जुळलं.

किंमत. इथे मला कायम चीड येते ती ऑनलाइन 'मागितलेल्या' किमतींची. कोणीही काहीही मागू शकतो. लिलावात प्रत्यक्ष विकलेल्या नगांच्या किमती बघा, त्याही तुमच्याच प्रकारच्या आणि तुमच्याच स्थितीच्या. मोठ्या लिलावगृहांच्या साइटवर जुने निकाल फोटोंसकट असतात. २०२२मध्ये हान सोलोचं ते ब्लास्टर अमेरिकेत १० लाख ५७ हजार ५०० डॉलरला गेलं. ती किंमत सिनेमाची आहे, पिस्तुलाची नाही. आजींना हा आकडा सांगू नका, उगीच झोप जाईल.

संग्राहक पैसे कशाला मोजतात? पहिलं म्हणजे जुळणारे नंबर. मुख्य नंबर मोठ्या भागांवर असतो आणि लहान भागांवर बहुतेकदा त्याचेच शेवटचे आकडे. दस्त्याच्या लोखंडावरचा नंबरही पिस्तुलाशी जुळला तर किंमत एकदम वर जाते, कारण शंभर वर्षांत म्यान आणि पिस्तूल यांची ताटातूट झाली नाही असं क्वचितच घडतं. दुसरं, मूळ पॉलिश. जुना निळसर काळा रंग घासला गेला असेल तर असू द्या. हौसेनं कोणी नवीन पॉलिश मारलं की झालं नुकसान. आपल्याकडे जुनी समई चिंचेनं लख्ख घासतात ना, तो उत्साह इथे आवरायचा. फार तर हलकं तेल.

तिसरं, कागद. सैनिक युद्धातून हत्यार घरी आणायचा तेव्हा त्याला वरिष्ठांच्या सहीचा एक परवानगीचा कागद मिळायचा. तो आजींच्या ट्रंकेत असेल तर सोन्याहून पिवळं. आणि एका खुणेनं किंमत खाली येते, ती म्हणजे आयातदाराचा शिक्का. चीनमध्ये ही पिस्तुलं अफाट विकली गेली होती. १९८०च्या दशकात त्यातली पुष्कळशी झिजलेल्या, दुरुस्त केलेल्या अवस्थेत अमेरिकेत परत आली. नळीवर किंवा कडेला बारीक अक्षरात कंपनीचं आणि गावाचं नाव छापलेलं दिसलं, तर 'आजोबांनी युद्धातून आणलं' ही गोष्ट तिथेच संपते.

आता कायदा. इथे गाडी जरा हळू चालवतो.

अमेरिकेत १९३४चा नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट आहे. पिस्तुलाला खांद्याचा दस्ता लावला की कायद्याच्या नजरेत ती रायफल होते, आणि १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल नोंदणीशिवाय बाळगणं हा दहा वर्षांपर्यंतच्या तुरुंगाचा गुन्हा आहे. माउझरची नळी साडेपाच इंचांची. म्हणजे काम झालंच! १ जानेवारी २०२६पासून अशा नोंदणीवरचा २०० डॉलरचा कर शून्य झालाय, पण नोंदणी सुटलेली नाही.

पण एक खिडकी आहे. शस्त्रांचं खातं सांभाळणाऱ्या एटीएफनं दुर्मिळ वस्तूंची यादी केलीय. त्यात १९४०च्या आधी जर्मनीत बनलेलं सी-९६, सोबत मूळ जर्मन लाकडी दस्ता असेल तर, या १९३४च्या कायद्यातून वगळलंय. 'मूळ' हा शब्द महत्त्वाचा. बाजारात आज नवे दस्ते भरपूर मिळतात. नवा दस्ता असेल तर यादीतला मजकूर शब्दन् शब्द वाचायचा आणि शंका असेल तर एटीएफला लेखी विचारायचं.

याच कुटुंबातला एक भाऊ मात्र फार धोकादायक आहे. १९३२चं 'श्नेलफॉयर'. डाव्या बाजूला 'एन' आणि 'आर' अक्षरांचा खटका दिसला की हात मागे घ्या. ती मशीनगन आहे. नोंद नसेल तर आता करता येत नाही. आधी वकिलाला फोन, मग बाकी सगळं.

१८९८पर्यंत बनलेलं पिस्तूल १९६८च्या केंद्रीय कायद्यात 'अँटिक' ठरतं, त्याला बहुतेक केंद्रीय बंधनं लागत नाहीत. पण रेड नाइन १९१६नंतरचं. जुनं असलं तरी कायद्याने बंदूकच.

आणि म्हणून आपल्या श्रोत्याचं उत्तर: नाही, तू ठेवू शकत नाहीस. एच-वन-बी, एफ-वन, एल-वन अशा व्हिसांवर असलेल्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणं, असे काही मोजके अपवाद आहेत. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, आणि व्हिसाचं काय होईल ते वेगळं. विकत घेतलं की भेट मिळालं यानं फरक पडत नाही. 'दोन दिवस माझ्या कपाटात ठेवतो, आजींचं शिफ्टिंग होईपर्यंत' हेसुद्धा बाळगणंच. ग्रीन कार्ड मिळाल्यावर हा अडथळा जातो, राज्याचे नियम मात्र राहतात.

त्याला मी सांगितलं, पिस्तूल आजींच्याच घरात राहू दे. फोटो काढायला, लिलावगृहाला ईमेल लिहायला मदत कर. परवाना असलेला विक्रेता घरी येऊन घेऊन जाईल. पैसे आजींचे. त्यानं तसंच केलंय. आणि त्या कागदासाठी आजी आता सगळ्या ट्रंका उघडतायत.

भारतातल्या मंडळींसाठी थोडक्यात. 'जुनं आहे, चालतं' हा गैरसमज आपल्याकडे फार. १९५९च्या शस्त्र कायद्यात जुन्या शस्त्रांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही जे चालणार नाही, अशालाच. चालू शकणारं पिस्तूल शंभर वर्षांचं असलं तरी परवाना लागतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका, वारशाच्या धरून. वाड्यात, गावच्या घरात आजोबांचं काही सापडलं तर पणजोबांच्या नावाचा परवाना शोधा, आणि हत्यार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे रीतसर जमा करून पावती घ्या. मग वारस म्हणून अर्ज करता येतो. आणि शंभर वर्षांवरची वस्तू पुरातन वस्तूंच्या १९७२च्या कायद्यात येऊ शकते, म्हणजे परदेशातल्या भावाला पाठवायचा विचारही नको.

पुढच्या भागात जुन्या घड्याळांवर बोलू, त्याला परवाना लागत नाही. तोवर फोटो पाठवणार असाल तर नंबरचे शेवटचे तीन आकडे झाकून पाठवा, आणि घोडा चढवलेला फोटो तर अजिबात नको.