यादीत नऊ गेटवे, मग हा दहावा कुणाचा?

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलणं जसं होतं तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं काढलंय.

कुणी लोकलमध्ये उभं असेल, कुणी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं असेल. आज कामाची एक गोष्ट सांगतो. तिच्यात माझी एक चूक आहे, तीही सांगणार आहे.

आधी एपीआय गेटवे म्हणजे काय ते बघू. तुम्ही फोनवर एखादं अ‍ॅप उघडता तेव्हा ते बऱ्याचदा आतल्या सर्व्हरशी थेट बोलत नाही. मध्ये गेटवे असतो, सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखा. कोण आलंय, कुठल्या फ्लॅटला जायचंय, ओळखपत्र आहे का, हे तो बघतो आणि नोंद ठेवतो. मोठ्या कंपनीत असे गेट अनेक असतात. वेगवेगळ्या टीमनी वेगवेगळ्या वर्षी बसवलेले. आणि सगळ्या गेटांची यादी? ती कुणाच्या तरी एक्सेलमध्ये असते, आणि तो माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो.

यादी कशाला हवी? डिसेंबर २०२१ आठवा. लॉगफोरजे नावाच्या जावा लायब्ररीत मोठी त्रुटी सापडली आणि जगभरच्या आयटीवाल्यांची झोप उडाली. दुरुस्ती करायला लोक तयार होते, पण पहिला प्रश्न होता, 'हे आपल्याकडे नक्की कुठे कुठे आहे?' ओवास्पच्या एपीआय सुरक्षेच्या २०२३ च्या दहा धोक्यांच्या यादीत नववा धोका हाच आहे: आपल्याकडे काय काय चालू आहे याची नीट नोंद नसणं.

म्हणून कंपन्या ऑटोमेटेड डिस्कव्हरी लावतात. एक टूल ठरलेल्या वेळी नेटवर्कवर फिरतं, मशीनवर लॉगिन करतं, काय चालू आहे ते बघतं आणि सीएमडीबी नावाच्या नोंदवहीत लिहितं. आमच्याकडे हे काम माझ्याकडे आलं. गेटवे होता काँग. एक्सेलमध्ये त्याची ९ मशीन होती.

पहिला रन लावला. सापडले किती? शून्य! आणि एन्जिनएक्स वेब सर्व्हर मात्र भरपूर.

डोकं खाजवलं. मग लक्षात आलं की काँग हा एन्जिनएक्स आणि ओपनरेस्टीवरच उभा आहे. मशीनवर प्रोसेसची यादी काढली की नाव दिसतं एन्जिनएक्स. टूलने नाव बघितलं आणि शिक्का मारला. त्याची काय चूक? वेगळेपण नावात नव्हतं, पुढच्या ओळीत होतं. मास्टर प्रोसेसच्या कमांडमध्ये काँगच्या फोल्डरचा रस्ता दिसतो, आपण वेगळा ठेवला नसेल तर यूएसआर, लोकल, काँग असा. वर्कर प्रोसेसच्या ओळीत तो नसतो. म्हणून नियम लिहिला: नाव एन्जिनएक्स आणि कमांडमध्ये हा रस्ता, दोन्ही जुळलं तरच काँग म्हणायचं. मग त्याच मशीनवर 'काँग व्हर्जन' ही कमांड चालवून आवृत्ती घ्यायची. शिवाय एकाच डेटाबेसला जोडलेली मशीन म्हणजे एकच क्लस्टर, तेही नोंदवायचं. नाहीतर तीन मशीनचे तीन स्वतंत्र गेटवे दिसतात.

लॉगिनसाठी वेगळा यूजर घ्या, फक्त वाचण्यापुरता. काँगच्या कॉन्फिग फाईलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असू शकतो, तेव्हा 'सगळंच वाचू दे' म्हणून रूटचे अधिकार देऊ नका. आणि कुबरनेटीसमध्ये पॉडचे आयपी बदलत राहतात. तिथे आयपी धुंडाळत बसू नका, कुबरनेटीसच्या एपीआयलाच विचारा.

आता माझी चूक.

गेटवे सापडला, पण त्याच्यामागे कुठले रस्ते आहेत ते कळायला काँगचा अ‍ॅडमिन एपीआय लागतो. तो साधारण ८००१ पोर्टवर असतो आणि मुळात फक्त १२७.०.०.१ वर ऐकतो, म्हणजे त्याच मशीनच्या आतून. बाहेरून माझ्या टूलला उत्तर मिळेना. डेडलाइन शुक्रवारची. मी टेस्टच्या मशीनवर सेटिंग बदललं आणि ०.०.०.० केलं, म्हणजे कुठूनही या. चाललं! रस्ते धडाधड दिसायला लागले. टाळ्या वाजल्या, मी डेमो दिला, घरी गेलो.

ते सेटिंग परत बदलायचं राहून गेलं.

पुढच्या आठवड्यात सिक्युरिटीच्या मॅडमनी मला मीटिंग रूममध्ये बोलावलं. त्यांचा लॅपटॉप ऑफिसच्या साध्या नेटवर्कवर होता. त्यांनी एक ओळीची कमांड टाकली आणि माझ्या गेटवेवर नवीन रस्ता तयार झाला. पासवर्ड नाही, काही नाही. काँगच्या ओपन सोर्स आवृत्तीत अ‍ॅडमिन एपीआयला आपणहून कुलूप नसतं, ते आपण लावायचं असतं. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अरे, घरात किती दारं आहेत ते मोजायला तू दारंच उघडी ठेवलीस." घाम फुटला मंडळी. कुणी गैरफायदा घेतला नव्हता, लॉग तपासले. पण सगळ्या टीमला मेल मलाच लिहावा लागला: काय केलं, किती दिवस उघडं होतं, आता काय बदललं.

बरोबर पद्धत काँगच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये होती. अ‍ॅडमिन एपीआय आतच राहू द्यायचा. काँगमध्येच एक सर्व्हिस बनवायची, ती आतल्या ८००१ कडे पाठवायची, आणि तिच्यावर की-ऑथ प्लगिन लावायचा. म्हणजे वॉचमनच स्वतःच्या केबिनची राखण करतो. वर आम्ही दोन गोष्टी केल्या: त्या रस्त्यावर फक्त गेट मेथड चालेल, म्हणजे वाचता येईल पण बदलता येणार नाही, आणि फक्त डिस्कव्हरीच्या सर्व्हरच्या आयपीवरूनच येता येईल. अर्ध्या दिवसाचं काम होतं. तो अर्धा दिवस मला शुक्रवारी जड झाला होता.

आता शेवटची गोष्ट. सगळं नीट लावून पुन्हा रन केला. ९ हवे होते, आले १०. दहावा कुणाचाच नव्हता. आवृत्ती खूप जुनी, मालकाच्या रकान्यात काही नाही. सगळे म्हणाले, "बंद करून टाक." मीही हात उचलला होता. पण एकदा पोळलो होतो, म्हणून म्हटलं आधी दोन आठवडे लॉग बघू. रोज सकाळी थोड्याशा रिक्वेस्ट येत होत्या, एकाच ठिकाणाहून. शोधत शोधत कळलं, एका गोदामात स्टॉक भरणारा एक माणूस अजून जुनंच अ‍ॅप वापरत होता. त्याला फोन केला तर म्हणाला, "साहेब, नवीन अ‍ॅपचं मला कुणी सांगितलंच नाही." गेटवे तसाच बंद केला असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं काम अडलं असतं, आणि शिव्या त्यालाच बसल्या असत्या. त्याला नवीन अ‍ॅपवर आणलं, मग दहावा बंद केला.

म्हणून तुमच्यापैकी कुणी हे काम करणार असेल तर सांगतो. रेंज छोटी घेऊन सुरू करा, नेटवर्क टीमला आधी सांगा. नावावर विश्वास ठेवू नका, कमांड बघा. टेस्टसाठी जे उघडाल ते बंद करायची तारीख तेव्हाच लिहून ठेवा. आणि मालकाचा रकाना रिकामा दिसला तर बंद करण्याआधी फोन लावा. तो रकाना कुठलंही टूल भरून देत नाही.

तुमच्या ऑफिसात असा एखादा बेवारस सर्व्हर सापडलाय का? कॉमेंटमध्ये लिहा, कंपनीचं नाव मात्र नको हां! भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.