व्हिममधून बाहेर पडायचं कसं? आणि माझं खोटं हसणं

(या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आज सुरुवात एका जोकने करू. कुणालाच ओळखता येणार नाही असा पासवर्ड कसा तयार करायचा? सोप्पंय. एखाद्या नवख्या पोराला व्हिमसमोर बसवायचं आणि सांगायचं, आता यातून बाहेर पडून दाखव.

हसलात? म्हणजे तुम्ही आमच्यातले. नाही हसलात? मग हा भाग खास तुमच्यासाठी. कारण हा जोक मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी जोरात हसले होते, आणि मला तो अजिबात कळला नव्हता.

आधी थोडक्यात सांगते. व्हिम म्हणजे फाइलमधला मजकूर बदलायचा प्रोग्रॅम. त्याचा पूर्वज व्ही-आय. सर्व्हरवर काम करायला गेलात की दोघांपैकी एक तरी भेटतोच. काळी स्क्रीन, सेव्हचं बटण नाही, आणि बंद करायला वर कोपऱ्यात फुलीही नाही.

माझी पहिली नोकरी, दुसरा आठवडा. टीम लीडने संध्याकाळी निघताना सांगितलं, "अगं, त्या फाइलमध्ये एक पोर्ट नंबर बदलून ठेव. दोन मिनिटांचं काम आहे." मी फाइल उघडली. टाइप करायला लागले तर अक्षरं उमटेनात. दोनदा डी दाबलं गेलं आणि अख्खी ओळ गायब! घाबरून सवयीने कंट्रोल-एस दाबलं, आणि सगळंच थिजलं. काही दाबा, स्क्रीन ढिम्म हलेना. मला वाटलं, मी कंपनीचा सर्व्हर बंद पाडला. हात थरथरत होते. मी काय केलं असेल? लॅपटॉपचं झाकण लावलं आणि घरी गेले. कुणाला एक शब्द बोलले नाही.

सकाळी टेस्टिंगवाले दोन तास खोळंबले. लीडने तीच फाइल उघडली, तर व्हिमने आधीच चुगली केलेली. काम अर्धवट सुटलं तर व्हिम एक तात्पुरती फाइल मागे ठेवतो आणि ती कुणाची, कधीची, हे पुढच्या माणसाला दाखवतो. स्क्रीनवर माझं नाव! सगळे हसले. तेव्हाच कुणीतरी तो पासवर्डचा जोक मारला, आणि मीही हसले. म्हणजे चेहऱ्याने हसले. मनात एकच, आपण इथले नाही. हे सगळे जन्मतःच शिकून आलेत.

पुढे कितीतरी दिवस मी कुणाला काही विचारलं नाही. कमांड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवली आणि मंत्रासारखी म्हणायचे. एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. म्हणजे काहीही सेव्ह न करता बाहेर. सेव्ह करून जायचं तर एस्केप, कोलन, डब्ल्यू, क्यू, एंटर. पण असं का, ते माहीत नव्हतं.

एकदा आमच्याकडच्या एका ज्येष्ठ सिस्टिम ॲडमिननी ती चिठ्ठी पाहिली. हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "पाठ नको करूस. गोष्ट ऐक."

ती गोष्ट अशी. साल १९७६. अमेरिकेत बर्कलेला बिल जॉय नावाचा विद्यार्थी हा एडिटर लिहीत होता. घरून काम करायचा तो ३०० बॉडच्या मोडेमवर. म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. स्क्रीन ८० अक्षरांच्या २४ ओळींची, म्हणजे १,९२० अक्षरं. करा हिशोब. एक स्क्रीन भरायला मिनिटभराहून जास्त! आपलं रील दोन सेकंद अडकलं तरी आपण फोन आपटायला निघतो.

त्याच्यासमोरचा टर्मिनल होता एडीएम-३ए. त्याला वेगळ्या बाणांच्या कळाच नव्हत्या. बाण छापले होते एच, जे, के, एल या अक्षरांवर. म्हणून व्हिममध्ये आजही त्याच चार कळांनी इकडेतिकडे फिरतात. एस्केपची कळ होती आज टॅब असते त्या जागी, बोटाशेजारी. म्हणून एस्केप सारखं दाबणं त्याला जड वाटत नसणार. माउस नाही, जास्तीच्या कळा नाहीत, लाइन इतकी संथ. मग त्याच अक्षरांकडून दोन कामं करून घ्यायची, कधी टायपिंग, कधी हुकूम. माझी "गायब" ओळ म्हणजे मी नकळत दिलेला हुकूम होता. डी-डी, ओळ काढून टाक.

आणि कंट्रोल-एस? ती तर त्याहून जुन्या टेलिप्रिंटरच्या काळातली खूण. "थांब, पुढचं पाठवू नकोस." सर्व्हर ठणठणीत होता हो! कंट्रोल-क्यू दाबलं असतं तर स्क्रीन पुन्हा जिवंत झाली असती.

त्याच्याही आधी केन थॉम्प्सनचा ईडी होता. त्यात काही चुकलं की उत्तर एकच, प्रश्नचिन्ह. काय चुकलं, कुठे चुकलं, काही नाही. आज हा जोक वाटतो. पण तेव्हा उत्तर कागदावर छापून यायचं, सेकंदाला १० अक्षरं. लांबलचक समजावत बसायला वेळ कुणाला होता!

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. यात हुशारीचा प्रश्नच नव्हता. ज्याने तो टर्मिनल पाहिला नाही, त्याला हे आपोआप सुचणार कसं? आणि मी एकटीही नव्हते. व्हिममधून बाहेर कसं पडायचं, हा स्टॅक ओव्हरफ्लोवरचा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता. दहा लाख! आणि आम्ही सगळे एकमेकांसमोर हसत होतो.

आता खरी कबुली. काही वर्षांनी आमच्याकडे एक इंटर्न आला. ग्रुपवर मी तोच जोक टाकला. त्याने हसणारा इमोजी पाठवला. मान वर करून पाहिलं, तर चेहऱ्यावर हसू नव्हतं. तो चेहरा मला ओळखीचा होता. मी खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.

जोक बंद करा असं मी म्हणत नाही. मला अजूनही हसू येतं. पण जोक सांगितला की त्यामागची गोष्टही सांगा. आणि न कळता हसत असाल, तर एकदा विचारून बघा, "म्हणजे काय?" त्या रात्री मी एक फोन केला असता, तर टेस्टिंगवाल्यांचे दोन तास वाचले असते.

जाता जाता, अँड्रॉइड फोन असेल तर टर्मक्स टाका आणि त्यात व्हिम उघडा. एस्केपची कळ कीबोर्डच्या वरच्या पट्टीत दिसेल. अडकलात तर कंट्रोल-सी दाबा. आताचा व्हिम स्वतःच सांगतो, बाहेर कसं पडायचं ते.

भेटू पुढच्या भागात. तोवर एस्केप, कोलन, क्यू!