वस्तादाचा राखलेला डाव आणि पेटंटचा कायदा



वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो, पण एक राखून ठेवतो, असे आपल्याकडे म्हणतात. कसब हीच ज्याची पुंजी, त्याने ती उघड्यावर का मांडावी? त्याचे म्हणणे खोटे नाही. परंतु एक जागा अशी आहे, की जिथे राखलेला डाव राखणाऱ्यावरच उलटतो. ती जागा म्हणजे पेटंटचा अर्ज.

पेटंट, ज्याला मराठीत एकस्व म्हणतात, ते सरकारने दिलेले बक्षीस नव्हे. तो एक सौदा आहे. शोध लावणाऱ्याने आपली युक्ती समाजाला पुरती सांगायची. त्याच्या मोबदल्यात, ठरलेली फी भरत राहिल्यास, अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे त्याच्या परवानगीवाचून ती वस्तू इतरांना करता येत नाही की विकता येत नाही. मुदत संपली की युक्ती सर्वांची. आता सांगितलेलेच अपुरे असेल, तर समाजाच्या पदरात काय पडले? १७७८ साली लंडनमध्ये भिंतीच्या गिलाव्याच्या मसाल्यावरून एक दावा चालला. त्यात न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी हेच तत्त्व मांडले, की वर्णन वाचून दुसऱ्याला ती वस्तू करता आली पाहिजे.

आपल्या १९७० च्या कायद्याचे १० वे कलम तेच सांगते. शोध काय आहे, तो कसा चालतो आणि कसा करायचा, हे पूर्णपणे लिहिले पाहिजे. अर्जदाराला ठाऊक असलेली सर्वांत उत्तम रीतही दिली पाहिजे. शेवटी 'दावे' लिहायचे, म्हणजे यातले नेमके माझे काय ते सांगायचे. दावे हे शेताच्या बांधासारखे असतात. वर्णनात ज्याला आधार नाही, ते दाव्यात मागता येत नाही.

उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याने पाभरीच्या चाड्याखाली चाकाबरोबर फिरणारी चकती बसवली, आणि बी ठरावीक अंतरावर पडू लागले. अशा चकत्या आज नव्या नाहीत. पण घटकाभर ती नवी आहे असे धरू. 'चकतीला योग्य आकाराची भोके पाडावीत,' एवढ्याने भागणार नाही. कोणत्या बियाण्याला केवढे भोक, चकतीची जाडी किती, चाकाच्या एका फेऱ्यात ती किती फिरते, दोन बिया एकदम पडू नयेत म्हणून काय केले, हे सारे हवे. गरज तिथे आकृती हवी. आणि हरभऱ्याला पत्र्यापेक्षा लाकडाची चकती बरी चालते हे त्याला माहीत असेल, तर तेही सांगितले पाहिजे. तेवढेच मनात ठेवले, तर मिळालेले पेटंटसुद्धा पुढे उच्च न्यायालयात रद्द होऊ शकते.

वर्णन कोणाला कळले पाहिजे? कायदा म्हणतो, त्या धंद्यातले साधारण कसब आणि साधारण ज्ञान असलेल्या भारतातल्या माणसाला. म्हणजे मोठा इंजिनिअर नको. अवजारे करणारा बरा कारागीर पुरे.

काम अर्धे झाले असेल, तर आधी तात्पुरते वर्णन देता येते. पूर्ण वर्णन मात्र १२ महिन्यांच्या आत द्यावे लागते. ते एकदा दिले, की मागाहून नवी गोष्ट त्यात घुसडता येत नाही. राहिले ते राहिलेच.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, इथे तुमचे काम आहे. हा अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावा लागतो. हाताने बोलणारा माणूस दुसऱ्याच्या भाषेत शिरला, की निम्मी युक्ती वाटेतच सांडते. म्हणून त्याच्याकडून आधी मराठीत, त्याच्याच शब्दांत सारे लिहवून घ्या. मग ज्याने ते अवजार पाहिलेले नाही अशा भरवशाच्या सुताराला किंवा लोहाराला, बाहेर न बोलण्याच्या बोलीवर, ते वाचून दाखवा. तो जिथे थांबून 'पण हे कसं?' असे विचारील, तिथे वर्णनाला भोक आहे असे समजा. ते बुजवा, आणि मगच कागद वकिलाकडे जाऊ द्या.