गुलाबी खांबांची वाट

गेल्या फेब्रुवारीत लेकीकडे स्वित्झर्लंडला गेलो होतो. एका रविवारी ती म्हणाली, "अब्बा, आज तुम्हाला बर्फावरून चालवते." माझं सारं आयुष्य लातूरकडच्या उन्हात गेलेलं. बर्फ म्हणजे माझ्या लेखी उसाच्या रसात पडतो तो!

मोरेल गावातून केबलकारनं रिडरआल्पला पोहोचलो. उंची १९२५ मीटर. या गावात मोटारी नाहीत. तिथं भाड्यानं 'स्नोशू' घेतले. बॅडमिंटनची रॅकेट बुटाखाली पट्ट्यांनी बांधावी, तसं हे प्रकरण. अंगाचं वजन जास्त जागेवर पसरतं, म्हणून पाय भुसभुशीत बर्फात फारसा रुतत नाही. मात्र पाय फाकवून टाकावे लागतात. सुरुवातीला मी अगदी बदकासारखा चालत होतो.

वाट अशी दिसतच नव्हती. दिसत होते ते गुलाबी खांब. त्या देशात उन्हाळी पायवाटांच्या पाट्या पिवळ्या असतात आणि हिवाळी वाटांच्या गुलाबी. एक खांब गाठायचा, दम घ्यायचा आणि पुढचा शोधायचा. मध्येच फोटोसाठी मी खांबांची रांग सोडून झाडीकडे वळलो, तशी लेक ओरडली, "अब्बा, मागे या!" त्या झाडीत रानकोंबड्याच्या कुळातला एक काळा पक्षी बर्फात बीळ करून थंडी काढतो. माणसाच्या चाहुलीनं तो उडाला, की जपून ठेवलेली ताकद खर्ची पडते. ऐन हिवाळ्यात ती भरून निघणं अवघड. मी मुकाट्यानं परतलो. खांब असतात ते आपण चुकू नये म्हणून, एवढंच मला ठाऊक होतं. आपल्यापासून दुसरं कुणी वाचावं म्हणूनही ते असतात, हे तिथं कळलं.

रिडरफुर्काची खिंड मागे टाकून, धारेवरून चढत होफ्लूला आलो. उंची २२२७ मीटर. खाली आलेच हिमनदी पसरली होती. आल्प्समधली सर्वांत मोठी, सुमारे वीस किलोमीटर लांबीची. उतारावर एका रेषेपर्यंत जुनं दाट रान आणि त्याखाली उघडी उतरण. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बर्फ त्या रेषेला भिडलेला होता. तेव्हापासून ही नदी तीन किलोमीटरहून अधिक मागे हटली आहे.

तिथंच लेकीनं फीश गावाची गोष्ट सांगितली. हिमनद्या वाढत होत्या, त्यांच्या कडेला तुंबलेलं पाणी फुटून गावात शिरत होतं, म्हणून १६७८ साली गावकऱ्यांनी नवस केला : देवा, हा बर्फ आवर. पिढ्यान् पिढ्या ते हीच प्रार्थना करत आले. आता बर्फच वितळू लागला. तेव्हा त्यांनी पोपकडे प्रार्थना बदलण्याची परवानगी मागितली आणि २०१० मध्ये ती मिळाली. आता ते म्हणतात : देवा, हा बर्फ राख.

श्रोतेहो, हे ऐकून मला २०१६ चा दुष्काळ आठवला. त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आम्ही उघड्या मैदानात पावसासाठी नमाज पढलो. त्या नमाजात इमामसाहेब अंगावरची चादर उलटी करून घेतात. अल्ला, आमची हालतही अशीच पालटून दे, असा त्याचा भाव. आणि २०२१ च्या सप्टेंबरात मांजरेला पूर आला, सोयाबीन पाण्यात गेलं, तेव्हा याच हातांनी आम्ही पाऊस थांबावा म्हणून दुआ मागितली.

फीशचे गावकरी मला परके वाटेनात. फरक एवढाच, की त्यांच्या पणजोबांनी देवाकडे मागितलं, त्यात त्यांचा काही दोष नव्हता. आज बर्फ वितळतो आहे त्याला मात्र आपल्या सगळ्यांचा धूर कारण आहे. त्यात मी ज्या विमानानं तिथं गेलो, त्याचाही.

जोहरची वेळ झाली होती. बर्फावर जाकीट अंथरून नमाज अदा केली. उतरताना लेकीनं विचारलं, "काय मागितलंत अब्बा?"

म्हटलं, "मागून झालंय पुष्कळ, बेटा. आता थोडं पाळायला जमू दे, एवढंच म्हटलं."

आणि पुढचा गुलाबी खांब शोधू लागलो.